डॉक्टर कोटणीसांचा चीनप्रवास

सोलापूर हे महाराष्ट्रातील एक जुने गिरणगाव आहे. येथील चादरी देशभर प्रसिद्ध आहेत. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा येथील बाजारात सहज कानांवर पडतात. १९३० साली सोलापूरच्या जनतेने इंग्रज सरकारला असा जबरदस्त विरोध केला, की सरकारला शहरात लष्करी कायदा पुकारावा लागला. मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. अशा या शहरात एका मुलाचे बालपण गेले. पुढे तो मोठा होऊन हजारो मैल दूर गेला आणि एका परक्या देशाचा लाडका झाला. त्याचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

द्वारकानाथ यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. त्यांचे कुटुंब मोठे होते. द्वारकानाथांना भाऊ आणि बहिणी मिळून सात भावंडे होती. घरची स्थिती मध्यम होती. परंतु मुलांनी शिकावे, चांगले नाव काढावे, अशी वडिलांची फार इच्छा होती. द्वारकानाथांना डॉक्टर व्हायचे होते. सोलापुरातील शिक्षण संपल्यावर ते मुंबईला आले आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिकू लागले. या महाविद्यालयाला लागूनच के. ई. एम. रुग्णालय आहे. तेथे गिरणगावातील कामगार मोठ्या संख्येने उपचारासाठी येत. गरिबांची दुखणी कशी असतात, ती किती उशिरा डॉक्टरपर्यंत पोहोचतात, हे तरुण द्वारकानाथांनी तेथे रोज पाहिले.

डॉक्टर झाल्यावर ते पुढील उच्च शिक्षणाची तयारी करू लागले. अजून थोडी वर्षे अभ्यास केला असता, तर त्यांना मुंबईत किंवा सोलापुरात चांगला दवाखाना थाटता आला असता. घरच्यांनाही आधार मिळाला असता. पण याच सुमारास आशिया खंडाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठे युद्ध पेटले होते.

७ जुलै १९३७ रोजी जपानी सैन्याने चीनवर मोठा हल्ला सुरू केला. थोड्याच महिन्यांत पेकिंग, शांघाय, नानकिंग ही मोठी शहरे जपानच्या हाती गेली. जपानकडे विमाने, तोफा आणि रणगाडे होते. चिनी सैनिकांकडे हत्यारे कमी आणि डॉक्टर तर त्याहून कमी होते. जखमी सैनिकांना अनेक मैल झोळीतून न्यावे लागे. वाटेत साध्या मलमपट्टीअभावी कितीतरी जण प्राण सोडत. तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून भारताकडे मदत मागितली.

त्या वेळी भारत स्वतः पारतंत्र्यात होता. आपल्याच पायांत बेड्या असताना दुसऱ्याला काय मदत करणार, असे म्हणून आपल्या नेत्यांना गप्प बसता आले असते. पण त्यांनी तसे केले नाही. काँग्रेसचे त्या वर्षीचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकांनी पैसे जमवले. औषधे, शस्त्रक्रियेची हत्यारे आणि एक रुग्णवाहिका घेऊन डॉक्टरांचे एक पथक चीनला पाठवायचे ठरले.

ही बातमी वाचून सत्तावीस वर्षांच्या डॉक्टर कोटणीसांनीही आपले नाव कळवले. त्यांची निवड झाली. त्या काळी आपल्याकडील सामान्य घरांत चीनविषयी फारशी माहिती नसे. तेथे युद्ध चालू आहे, एवढे मात्र सर्वांना ठाऊक होते. शिकून तयार झालेला मुलगा घर सोडून थेट रणभूमीवर जाणार, हे कळल्यावर आईचे काळीज हलले. वडिलांनी मात्र मुलाच्या निर्णयाला पाठिंबा दिला. एका वर्षाचा तर प्रश्न होता. वर्षभराने मुलगा परत येणार होता.

पथकात पाच डॉक्टर होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल हे पथकाचे प्रमुख होते. त्यांनी पूर्वी स्पेनमधील युद्धातही जखमींची सेवा केली होती. नागपूरचे डॉ. चोळकर हे वयाने सर्वांत वडील होते. डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी हे कलकत्त्याचे, तर डॉ. कोटणीस सोलापूरचे. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईच्या बंदरातून राजपुताना नावाच्या आगबोटीने हे पाच जण निघाले.

हिंदी महासागर ओलांडून, मलाक्काच्या सामुद्रधुनीतून आगबोट हाँगकाँगला पोहोचली. तेथून पथक दक्षिण चीनमधील कँटन शहरी आले. आज या शहराला ग्वांगझोऊ म्हणतात. चीनच्या क्रांतीचे नेते डॉ. सुन यत्सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. परक्यांच्या गुलामीत असलेला एक देश आपल्यासाठी डॉक्टर पाठवतो, याचे चिनी लोकांना फार अप्रूप वाटले.

कँटनपासून उत्तरेकडे हांको शहरापर्यंत सुमारे अकराशे किलोमीटर लांबीचा लोहमार्ग होता. तो पूर्ण होऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. समुद्रमार्गे आलेला दारूगोळा आणि औषधे याच मार्गाने देशाच्या आत जात. म्हणून जपानी विमाने या मार्गावर सतत बाँब टाकत. रूळ उखडले जात, पूल मोडत. पण मजूर फावडी आणि पहारी घेऊन धावत येत आणि रात्रीतून रूळ पुन्हा बसवत. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा धावू लागत. भाताची हिरवी शेते, डोक्यावर बांबूच्या टोप्या घातलेले शेतकरी, गुडघाभर चिखलात चालणाऱ्या म्हशी आणि मधूनच बाँबने पडलेला मोठा खड्डा, असा तो मुलूख होता. चांगशा शहरावरून आपले डॉक्टर सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस हांकोला पोहोचले.

हांको हा आजच्या वुहान शहराचा एक भाग आहे. यांगत्से नदीच्या काठी वसलेले हे शहर तेव्हा युद्धाचे मुख्य केंद्र झाले होते. जपानी फौजा जवळ येत होत्या. रुग्णालये जखमींनी भरून गेली होती. भारतीय डॉक्टर लगेच कामाला लागले. पण त्यांना तेथे फार दिवस राहता आले नाही. शहर पडणार, हे सर्वांना दिसत होते. ऑक्टोबरच्या मध्याला पथकाला पश्चिमेकडे यिचांगला जाण्याचा आदेश मिळाला.

ते निघाले आणि थोड्याच दिवसांत त्यांच्यामागचा रस्ता बंद झाला. २१ ऑक्टोबर १९३८ रोजी कँटन पडले. महिनाअखेरीच्या आत हांकोही पडले. ज्या वाटेने ते चीनमध्ये आले होते, ती वाट आता जपान्यांच्या ताब्यात गेली होती. पुढे जाण्यासाठी एकच मोठा मार्ग उरला होता. तो म्हणजे यांगत्से नदी.

यांगत्से ही आशियातील सर्वांत लांब नदी. तिची लांबी ६,३०० किलोमीटर आहे. आपली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर लांब आहे, यावरून यांगत्सेच्या लांबीची कल्पना येईल. पूर्वेकडील सपाट मुलखात ही नदी एवढी रुंद होते, की पलीकडचा काठ धूसर दिसतो. तिच्यावर आगबोटी, शिडांची गलबते आणि लहान होड्या यांची सतत ये-जा असते. कितीतरी कुटुंबे होडीतच राहत. होडीतच चूल, होडीतच अंथरूण आणि होडीतच लेकरे खेळत. धाकटे मूल पाण्यात पडू नये म्हणून त्याच्या कमरेला दोरी बांधून ठेवत.

यिचांगला पोहोचल्यावर नदीचे रूप बदलते. येथून पश्चिमेकडे उंच डोंगर सुरू होतात. त्या डोंगरांना चिरून नदी तीन मोठ्या घळींमधून वाहते. त्या काळी मोठ्या आगबोटींना यिचांगच्या पुढे जाता येत नसे. लहान पण दणकट यंत्राच्या बोटीच घळींतून वर चढू शकत. म्हणून १९३८ च्या त्या हिवाळ्याच्या तोंडावर यिचांगच्या धक्क्यावर विलक्षण गर्दी झाली होती. कारखान्यांची यंत्रे, शाळा-कॉलेजांची पुस्तके, शस्त्रे, औषधांच्या पेट्या असे हजारो टन सामान आणि हजारो निर्वासित नदीकाठी बोटींची वाट पाहत होते. हिवाळ्यात नदीचे पाणी उतरते आणि मोठ्या यंत्रांची वाहतूक अवघड होते. त्याआधी सर्व काही पश्चिमेला हलवायचे होते. वरून जपानी विमानांची भीती होती. बोटींचे मालक, खलाशी आणि हमाल यांनी रात्रंदिवस राबून हे काम केले.

यिचांगमध्ये आपल्या डॉक्टरांनी काही आठवडे जखमींची सेवा केली. नंतर नोव्हेंबरमध्ये ते बोटीने चुंगकिंगकडे निघाले. यिचांग ते चुंगकिंग हे अंतर नदीमार्गाने साडेसहाशे किलोमीटरांच्या आसपास आहे. बोट प्रवाहाच्या उलट दिशेने जात असल्यामुळे वेग अगदी कमी असे. दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. मध्ये खळाळणारे पाणी. कुठे भोवरे, कुठे पाण्याखाली दडलेले खडक. अशा पात्रातून रात्री बोट चालवणे धोक्याचे. म्हणून अंधार पडला की बोटी नांगर टाकत आणि पहाटे पुन्हा निघत. ज्यांना यंत्र नाही, अशी गलबते माणसे ओढून नेत. बांबूच्या पात्यांचा पिळलेला लांब दोर खांद्याला लावून, पाच-पंचवीस माणसे काठावरच्या खडकांवरून वाकून चालत. एका तालात आरोळी देत ते गलबत पुढे खेचत. पाय घसरला तर खाली नदी होती. आता या नदीवर मोठे धरण बांधले आहे. त्यामुळे तेथील पाणी उंच चढले आहे आणि ते जुने खडक व भोवरे पाण्याखाली गेले आहेत.

चुंगकिंग हे शहर दोन नद्यांच्या संगमावर डोंगराच्या अंगावर वसले आहे. बोटीतून उतरले की शेकडो दगडी पायऱ्या चढून शहरात जावे लागे. चीन सरकारने आपली राजधानी तेथे हलवली होती. हिवाळ्यात या शहरावर दाट धुके पसरते. त्या धुक्यामुळे विमानांना शहर दिसत नसे आणि लोकांना थोडी उसंत मिळे. याच मुक्कामात भारतीय डॉक्टरांना चिनी नावे देण्यात आली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी हुआ हा शब्द जोडला होता. हुआ म्हणजे चीन. डॉक्टर कोटणीस आता के तिहुआ झाले.

पथकाला उत्तरेकडील येनान येथे जायचे होते. आठव्या मार्ग सेनेचे केंद्र तेथे होते आणि तेथेच डॉक्टरांची सर्वांत जास्त गरज होती. निघण्याची तयारी चालू असताना डॉक्टर कोटणीसांना घरून दुःखद बातमी कळली. त्यांचे वडील वारले होते. ज्या वडिलांनी पाठीवर हात ठेवून निरोप दिला, त्यांचे शेवटचे दर्शनही घडले नाही. घरी आई होती, भावंडे होती. सोबतच्या डॉक्टरांनी त्यांना समजावले, की अशा वेळी परत जाण्यात काहीच गैर नाही. कोणी त्यांना नाव ठेवले नसते. घराचे कर्तव्य हेही कर्तव्यच होते.

डॉक्टर कोटणीसांनी विचार केला. ते ज्या कामासाठी आले होते, ते अजून धड सुरूही झाले नव्हते. त्यांनी वडिलांच्या साक्षीने दिलेला शब्द होता. त्यांनी परत न जाण्याचे ठरवले. घरी सांत्वनाचे पत्र पाठवले आणि जानेवारी १९३९ मध्ये इतरांबरोबर ते मोटारीने उत्तरेकडे निघाले. डोंगरांतील वळणावळणांचे रस्ते आणि कडाक्याची थंडी सोसत, शिआन शहरावरून १२ फेब्रुवारी १९३९ रोजी ते येनानला पोहोचले.

येनानचा मुलूख पिवळ्या मातीच्या टेकड्यांचा आहे. ही माती भुसभुशीत असली तरी खोदली की भिंत उभी राहते. म्हणून लोक टेकडीच्या पोटात गुहा खोदून त्यांत राहत. शाळा गुहेत, कचेरी गुहेत आणि रुग्णालयही गुहेतच. अशी घरे थंडीत उबदार राहत आणि बाँबपासूनही वाचवत. खायला राळ्याची पेज आणि थोडी भाजी मिळे. दिव्याला तेल कमी, औषधे कमी, कापूस आणि पट्ट्याही कमी. एकदा वापरलेली पट्टी धुऊन, उकळून पुन्हा वापरावी लागे. डॉक्टर कोटणीसांनी सैनिकांसारखा राखाडी गणवेश घातला आणि ते त्या जीवनात मिसळून गेले. त्यांनी चिनी भाषा शिकायला सुरुवात केली. रोगी कुठे दुखते हे सांगत असताना मध्ये दुभाष्या असू नये, असे त्यांना वाटे. थोड्याच काळात ते चिनी भाषेत बोलू, वाचू आणि लिहू लागले.

पुढे पथकातील सोबती कमी होऊ लागले. डॉ. मुखर्जी आजारी पडले. डॉ. चोळकरही परत गेले. वर्षभराची मुदत संपत आली होती. पण डॉक्टर अटल, बसू आणि कोटणीस यांनी प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची परवानगी मागितली. नोव्हेंबर १९३९ मध्ये ते येनानहून निघाले. पीत नदी ओलांडून, डिसेंबरमध्ये ते शान्सी प्रांतातील सेनेच्या मुख्य ठाण्यावर पोहोचले. तेथे त्यांची सेनापती चू तेह यांच्याशी भेट झाली. काही महिन्यांनी प्रकृतीच्या कारणास्तव डॉ. अटल यांनाही परतावे लागले. आता बसू आणि कोटणीस हे दोघेच उरले.

या भागातला प्रवास पूर्वीसारखा नव्हता. येथे ना बोट होती, ना मोटार. पायी किंवा घोड्यावरून डोंगर चढायचे आणि उतरायचे. लोहमार्ग होते, पण ते जपान्यांच्या ताब्यात होते. मार्गाच्या दोन्ही बाजूंना खंदक खोदलेले होते आणि ठिकठिकाणी पहाऱ्याचे बुरूज उभे होते. दिवसा तिकडे फिरकणे अशक्य. अमावास्येच्या सुमारास, गावकऱ्यांच्या मदतीने, एकामागून एक असे चालत लोक ते रूळ ओलांडत. खोकलासुद्धा दाबून धरावा लागे. जो लोहमार्ग दक्षिणेत माणसांना जोडत होता, तोच उत्तरेत भिंतीसारखा आडवा आला होता.

१९४० साली डॉक्टर कोटणीस होपेइ प्रांतातील तांग तालुक्यात आले. या भागात नॉर्मन बेथ्यून नावाच्या कॅनडाच्या शल्यवैद्याने जखमींची मोठी सेवा केली होती. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून विष शरीरात भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथ्यून मरण पावले. त्यांच्या स्मारकाच्या समारंभाला डॉक्टर कोटणीस हजर होते. एक कॅनडाचा डॉक्टर गेला, त्याची जागा एका भारतीय डॉक्टराने घेतली.

ऑगस्ट १९४० मध्ये चिनी सेनेने उत्तर चीनमधील जपानी ठाण्यांवर आणि लोहमार्गांवर एकाच वेळी मोठा हल्ला केला. ही मोहीम कित्येक महिने चालली. रूळ उखडले गेले, पूल उडवले गेले. आणि जखमींची रीघ लागली. डॉक्टर कोटणीस आघाडीपासून थोड्याच अंतरावर शस्त्रक्रिया करत होते. कधी देवळात, तर कधी शेतकऱ्याच्या ओसरीवर दाराची फळी टाकून तिचे टेबल केले जाई. एका लढाईत त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या. त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. जखमींमध्ये त्यांनी लहान-मोठा असा भेद कधी केला नाही.

जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक म्हणून नेमणूक झाली. हे रुग्णालय म्हणजे मोठी इमारत नव्हती. ते खेड्यातील घरांतून पसरलेले होते. जपानी फौज आली की संपूर्ण रुग्णालय हलवावे लागे. औषधे आणि हत्यारे खेचरांवर लादत. गावकरी जखमींना झोळीतून डोंगरात नेत आणि आपल्या घरात लपवून ठेवत. धोका टळला की पुन्हा काम सुरू होई. रुग्णालयाबरोबर एक वैद्यकीय शाळाही चाले. डॉक्टर कोटणीस तेथे चिनी भाषेतून शिकवत. पुस्तके मिळत नसत, म्हणून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी शस्त्रक्रियेवर स्वतः चिनी भाषेत पुस्तक लिहिले. आपण एकटे किती जखमींना वाचवणार, परंतु शंभर डॉक्टर तयार केले तर ते हजारोंना वाचवतील, हा त्यामागचा हिशेब होता.

तेथेच परिचर्या शिकवणाऱ्या को चिंगलान या तरुणीशी त्यांची ओळख झाली होती. दोघे एकाच ठिकाणी, एकाच ध्येयाने काम करत होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांनी विवाह केला. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव यिनहुआ ठेवले. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. दोन देशांची नावे त्या लहानग्याच्या नावात एकत्र आली होती.

परंतु डॉक्टर कोटणीसांची प्रकृती आता खालावली होती. अपुरे अन्न, अपुरी झोप आणि सतत धावपळ यांचा परिणाम दिसू लागला होता. त्यांना अपस्माराचे झटके येत. उपचारासाठी दुसरीकडे जावे, असे सहकाऱ्यांनी त्यांना परोपरीने सांगितले. पण तेथे डॉक्टर थोडे होते आणि जखमी फार. ते गेले नाहीत. दिवसा शस्त्रक्रिया, संध्याकाळी शिकवणे आणि रात्री मिणमिणत्या दिव्यापाशी पुस्तकाचे लेखन असा त्यांचा क्रम चालू राहिला. शस्त्रक्रियेवरील दुसरे पुस्तक त्यांनी लिहायला घेतले होते. ते अर्धेच राहिले. ९ डिसेंबर १९४२ रोजी झटक्यांमुळे त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे बत्तीस वर्षांचे होते आणि यिनहुआ साडेतीन महिन्यांचा होता.

ज्या खेड्यांनी त्यांना आपले मानले होते, त्या खेड्यांतील लोक थंडीत त्यांच्या अंत्यदर्शनाला आले. त्यांना तेथेच दफन करण्यात आले. पुढे युद्ध संपल्यावर शिजियाच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मारकात त्यांची समाधी हलवण्यात आली. तेथे त्यांचा पुतळाही आहे. बेथ्यून यांची समाधीही त्याच आवारात आहे. डॉ. बसू १९४३ साली भारतात परतले. पाचांपैकी चार डॉक्टर मायदेशी आले. एक मात्र परतला नाही.

डॉक्टर कोटणीसांची हकीकत भारतात पोहोचली, तेव्हा देशातही स्वातंत्र्याचा लढा जोरात चालू होता. प्रसिद्ध लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्याच पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट काढला. त्यात डॉक्टर कोटणीसांची भूमिका त्यांनी स्वतः केली. १९८२ साली चीनने आणि १९९३ साली भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. यिनहुआही वैद्यकीय शिक्षण घेत होता. परंतु १९६७ साली ऐन तारुण्यात त्याचे निधन झाले. को चिंगलान यांनी मात्र पतीच्या देशाशी नाते तुटू दिले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या आणि सोलापूर-मुंबईच्या आप्तांना भेटल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सोलापुरातील कोटणीसांच्या जुन्या घरी उभारलेले स्मारक लोकांसाठी खुले झाले.

भारत आणि चीन यांच्यात पुढे १९६२ साली युद्धही झाले. दोन्ही देशांचे संबंध कधी चांगले राहिले, कधी बिघडले. तरीही डॉक्टर कोटणीसांविषयी चिनी लोकांच्या मनात असलेला आदर कमी झाला नाही. चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणीसांच्या कुटुंबीयांची आवर्जून भेट घेत.

डॉक्टर कोटणीस वर्षभरासाठी म्हणून गेले होते. हांको सोडले तेव्हा त्यांच्या मागचा रस्ता युद्धाने बंद केला. त्यानंतर मात्र परतीचा रस्ता त्यांच्यासाठी वारंवार उघडला. वडील गेले तेव्हा ते परतू शकले असते. मुदत संपली तेव्हा, सोबती निघाले तेव्हा आणि स्वतः आजारी पडले तेव्हाही त्यांना परतता आले असते. प्रत्येक वेळी त्यांच्या पुढ्यात कोणीतरी जखमी माणूस होता आणि त्याला टाकून जाणे त्यांना जमले नाही. त्यांच्या हातून बरे झालेले सैनिक, त्यांनी शिकवलेले डॉक्टर आणि त्यांना आपल्या घरात जागा देणारे शेतकरी यांच्यामुळेच सोलापूरच्या या सुपुत्राचे नाव चीनच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या घेतले गेले.